खंडेनवमीच्या नऊ पट्ट्या

थंड बॉयलरच्या पोटात माणूस शिरू शकतो, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. साखर कारखान्याचा हंगाम संपतो, आग विझते, भट्टी चांगली निवते, आणि मग बाजूचं लोखंडी दार उघडून वाकून आत जाता येतं. आत गारवा असतो. वरपर्यंत गेलेल्या नळ्यांच्या रांगा असतात, आणि कुठल्यातरी फटीतून आलेल्या उन्हात चिपाडाची राख तरंगत असते. ती खाली बसायचं नावच घेत नाही. मी तिथं कितीतरी दुपारी नुसती उभी राहिलेली आहे. वेळ कुठं जायचा कळायचं नाही.

उभी राहायची ती रंग बघायला. तापलेल्या धातूवर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि दुधावर धरावी तशी साय धरतो. पातळ असते तोवर ती पिवळसर, मग तांबूस, जांभळी, मोरपंखी, आणि जाड झाली की राखाडी. साध्या पोलादावरची साय पापुद्र्यांनी गळते, पुन्हा धरते, पुन्हा गळते, आणि नळी आतल्या आत झिजत जाते. म्हणून वरून दुसऱ्या धातूंचा लेप देतात. त्या लेपातलं अ‍ॅल्युमिनियम आधी पुढं होतं, स्वतः गंजतं, पण त्याचा गंज इतका घट्ट बसतो की मागच्या धातूपर्यंत हवेला जाऊ देत नाही. कुठला लेप किती दिवस असा उभा राहतो, एवढंच माझ्या पीएचडीचं काम होतं.

त्यासाठी उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूच्या काडेपेटीएवढ्या नऊ पट्ट्या मी तयार केल्या. सहांवर लेप दिला, तीन उघड्या ठेवल्या. सगळ्यांची वजनं करून त्या एका जाळीत बांधल्या आणि बॉयलरमध्ये गरम धुराच्या वाटेवर टांगल्या. दोन हंगाम त्यांनी आगीत काढायचे, मग मी वजन किती वाढलं आणि साय कशी धरली ते बघायचं. सगळा प्रबंध त्या सायीवर उभा होता.

कारखाना मिळाला तो आईमुळं. आईनं अर्धं आयुष्य ऊस तोडला. टोळीबरोबर जायची ती उन्हाळ्यालाच परत यायची. गुडघे गेले तेव्हा या कारखान्यात बॉयलरकडं झाडलोटीला लागली. "आदी ऊस धाडत हुते, आता त्याची राख लोटायले," असं सांगून स्वतःच हसायची. तिनंच फोरमनकाकांना माझ्यासाठी शब्द टाकला होता.

माझ्या नाकावर राग आणि डोक्यात शिक्षणाची हवा. फोरमनकाकांना मी पट्ट्यांचं काम तीनदा समजावलं, इंजिनिअर साहेबांना चित्र काढून दाखवलं, सहलीला आलेल्या पोरांनासुद्धा सांगितलं. आई तिथंच झाडत होती. एकदा झाडू थांबवून म्हणाली, "हे काय टांगायलीस गं?"

"काम हाय माझं."

"पर कशाचं?"

"तुला न्हाई कळायचं, माय."

ती "बरं" म्हणाली आणि झाडायला लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसरा हंगाम संपला तेव्हा मी लांबच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. नळ्यांची दुरुस्ती निघाली म्हणून फोरमनकाकांनी पट्ट्या बाहेर काढल्या. दसऱ्याच्या सुट्टीत येऊन घेऊन जाईन, नीट ठेवा, असं मी फोनवर सांगितलं. त्यांनी त्या खरोखर सगळ्यात नीट जागी ठेवल्या, म्हणजे स्वतःच्या हत्यारांच्या मांडणीवर.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांची हत्यारं घासूनपुसून बॉयलरसमोर मांडतात, फुलं वाहतात. आम्ही बौद्ध. आई पूजेला हात जोडत नसे, पण घासणं-पुसणं सगळं तिचंच.

पूर्णा स्टेशनला रेल्वेतून उतरून, बस धरून मी दुपारी पोचले. झेंडूचा आणि मळीचा वास एकमेकांत मिसळला होता, आणि प्रवासाच्या पेंगेत मला सगळं पिवळं पिवळं दिसत होतं. पांढऱ्या कापडावर नट आवळायचे पाने, हातोडे, वेल्डरची टॉर्च ओळीनं मांडलेली. शेवटी माझ्या नऊ पट्ट्या. आधी पॉलिश पेपर, मग विटकरीची भुकटी, मग चिंच लावून घासलेल्या. त्यांत तोंड दिसत होतं. प्रत्येकीवर एक झेंडूची पाकळी होती.

आई कडेला उभी होती. तिचा चेहरा मी विसरणार नाही, इतकी ती खूश होती. म्हणाली, "दोन दिस घासायले. लय मळ धरला हुता. समद्यांची हत्यारं मांडली, माझ्या लेकीचीच नसावी का?"

मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण गोड करून सांगण्याचा मला हक्क नाही. मी म्हणाले, "दोन वर्षं घालवलीस माझी. झाडूचे हात माझ्या कामाला लावत जाऊ नकोस." सगळ्या लोकांसमोर म्हणाले.

फोरमनकाका मधे पडले. "ताई, चूक माझी हाय. मी सांगायला पायजे हुतं त्यान्ला." मी ऐकलं नाही. आईनं पट्ट्यांना हात न लावता फडक्याच्या टोकानं त्या एकेक करून माझ्या पिशवीत सारल्या, आणि झाडू घेऊन निघून गेली.

मग नव्या नऊ पट्ट्या आल्या, नवे दोन हंगाम आले. पहिल्या हंगामाआधी, बॉयलर थंड असताना मी आईला आत नेलं आणि सगळं सांगितलं. ऑक्सिजन, साय, लेप. तिनं दोनच प्रश्न विचारले. मग म्हणाली, "म्हंजी तो मळ न्हवता. पट्टीची कातडी हुती." तीन वर्षं शिकवूनही कॉलेजातल्या माझ्या पोरांना जे एका वाक्यात सांगता येत नाही, ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माफी मागितली नाही. तोंडाशी आली आणि तिथंच राहिली.

पुढं तीच माझे डोळे झाली. हंगामात फोन करायची, "आज चिपाड वलं हाय, धूर काळा निघायला." मधे बॉयलर बंद पडला तर दारातून डोकावून सांगायची, "तिसरी मोराच्या मानेसारकी झाली, कडंची पांढरी पडायली." ते मी तारखेसकट वहीत लिहून घ्यायची. पण बघायची ती हातभर लांबून. घरीसुद्धा माझं टेबल सोडून सगळं पुसायची. एकदा खिडकीतून पावसाचं पाणी वह्यांवर यायला लागलं, तर शेजारच्या पोरीला हाक मारून तिच्याकडून वह्या उचलून घेतल्या. मला हे त्या पोरीकडून कळलं.

यंदा प्रबंध पूर्ण झाला. बांधणी केलेली पहिली प्रत घेऊन मी घरी आले. पहिल्या पानावर आईचं नाव छापलं होतं. ती दारातल्या उन्हात बसली होती. मी पुस्तक तिच्यापुढं धरलं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तूच धर," म्हणाली. "मी वाचते."

मी तिच्यापुढं उकिडवी बसून पान उघडून धरलं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं तिनं एकेक लावली, स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"माय, त्या दिवशी मी तुला जे..."

"ऱ्हाऊ दे ते," ती म्हणाली. "पान उलट."

मी पान उलटलं.