मामंजींचं बंदर

माझे सासरे, आमचे मामंजी, पलटणीतून सुभेदार होऊन साताऱ्यात घरी आलेले. महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण काही महिने जपानात होती, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावी. ते बंदर आमच्या आळीला इतकं ऐकून झालं होतं की मामंजींनी विषय काढला की माणसं चपला घालायची.

सन पंचाहत्तरच्या सुमारास मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. तिथं यंत्र बसवायला एक जपानी इंजिनिअर आले. बोलता बोलता मी मामंजींच्या बंदराचं नाव घेतलं, तर ते उभेच राहिले. त्यांच्या आईचं माहेर तिथलं!

रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. मामंजींनी सकाळीच दाढी करून कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. भाकरी-पिठल्याचं जेवण झालं आणि त्यांनी खडू घेऊन शहाबादी फरशीवर किनारा काढला. खाडी, टेकडी, टेकडीवर किल्ला.

"किल्ला कसला, नुसती तटबंदी," ते मला म्हणाले. "शंभर वर्सांमागच्या लढाईत मागं हटताना त्यांच्याच माणसांनी जाळला. इचार त्यास्नी, तट हाय का अजून?"

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. तट होता. पाहुण्यांनी खडू मागून घेतला आणि खाडीत शिडाची जहाजं काढली. पूर्वी ही जहाजं लाल कौलं आणि पाण्याचे मोठे रांजण भरून उत्तरेला जायची, येताना सुकी मासळी आणायची. त्यांचे पणजोबा अशाच जहाजावर होते. पुढं रेल्वे आली आणि शिडं गेली.

"व्हय व्हय, लाल कौलं!" मामंजी गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "मी सांगत न्हवतो? सांगलीच्या कौलांवानी, पन चकचकीत!"

आता तिथं मोठा धक्का झालाय, मासळी ट्रकनं जाते, असं पाहुणे म्हणाले. मामंजींनी त्यांच्याकडून फरशीवर धक्काही रेखून घेतला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आत्याबाई, माझ्या सासूबाई, केरसुणी घेऊन आल्या आणि फरशीपाशी थांबल्या. मामंजी जपानात होते तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या गावाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"आवं," त्या म्हणाल्या, "ह्यात तुमी कुठं ऱ्हायचा?"

मामंजींनी टेकडीच्या पायथ्याशी बोट ठेवलं. आत्याबाई केरसुणी बाजूला ठेवून खाली बसल्या.

"थंडी लय असायची?"

"लय," मामंजी म्हणाले, आणि सांगू लागले. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.