पांढऱ्या पळसाचा पत्ता

माझी अर्धी नोकरी आष्टीच्या पोस्टात, पत्रं गावागणिक लावण्यात गेली. त्यामुळे ज्याला पत्ता नाही ते या जगात नाहीच, असं माझं ठाम मत झालं होतं. आणि माझं मत एकदा झालं की समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय मला चैन पडत नसे. घरचे म्हणत, हिला पोस्टात नाही, कोर्टात पाठवायला हवं होतं.

गल्लोगल्ली एसटीडी बूथचे पिवळे बोर्ड लागत होते, तेव्हाची ही गोष्ट. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं वाचनालयात बसून आमच्या तालुक्याचा कोश लिहीत होतो. तिघं म्हणजे मी, विज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि वाचनालयाचे ग्रंथपाल. गावं, विहिरी, जत्रा, झाडं, पाखरं, जे जे तालुक्यात आहे त्याची नोंद. सांगितलं कुणी नव्हतं, हौस आमचीच. चहासुद्धा आळीपाळीने आपापल्या घरून थर्मासमधून यायचा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही नोंदी लिहायचो, म्हणून नोंदीला आम्ही पत्रिकाच म्हणायचो. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात ‘पाहिलं’ किंवा ‘ऐकलं’ असं लिहायचं आणि खाली सांगणाऱ्याची सही घ्यायची. नुसत्या ‘ऐकलं’वर काही छापायचं नाही, हा नियम गुरुजींचा.

दसऱ्याच्या आधी एक ऊसतोड कामगार माझ्या काउंटरवर आला. त्याची टोळी निघणार होती. मागे म्हातारी आई एकटी राहते, तिला माझं पत्र आलं तर पोस्टमनने वाचून दाखवावं, एवढंच त्याला सांगायचं होतं. माझ्या हाताखाली झाडांच्या पत्रिका पडल्या होत्या. त्याने मान वाकडी करून वाचलं.

“बाई, झाडांचं लिवता का? आमच्या बांधाला पांढरा पळस हाय.”

“तुम्ही फुललेला पाहिलाय?”

“न्हाई. लहानपणापून टोळीसंगं जातो. त्यो फुलतो तवा आमी उसात असतोत. माय सांगती, लई देखणा दिसतो म्हणं.”

झाडाचा मालक, आणि त्यालाच झाडाचं फूल ठाऊक नाही. मी कोपऱ्यात ‘ऐकलं’ लिहिलं, त्याची सही घेतली आणि त्याच्या वस्तीचा पत्ता लिहिला. कुठला फाटा, कुठली विहीर, विहिरीपासून कितवा बांध. आंधळासुद्धा चुकला नसता.

रविवारी गुरुजींनी पत्रिका वाचली आणि बाजूला सरकवली. “पांढरा पळस सगळ्यांनी ऐकलेला असतो, पाहिलेला कुणी नसतो. फाडा ती.”

“पत्ता आहे ना? छापा. ज्याला शंका असेल तो जाऊन बघेल.”

“कोश म्हणजे टपालपेटी नव्हे, बाई.”

हे मला झोंबलं. त्यानंतरचे कितीतरी रविवार आम्ही त्या एका पत्रिकेवरून भांडलो. विहिरी राहिल्या, जत्रा राहिल्या. शेवटी ग्रंथपाल म्हणाले, “पोटभर भांडून झालं असेल तर फाल्गुनात जाऊन बघू या.”

फाल्गुनात काळ्या-पिवळ्या जीपने फाट्यापर्यंत गेलो, पुढे चालत. डोंगराच्या अंगाला सगळे पळस लालभडक झाले होते. माझ्या पत्त्याच्या जागी मात्र एक वाळल्यासारखं झाड उभं होतं आणि त्याच्याखाली एक म्हातारी खराट्याने झाडत होती. गुरुजी माझ्याकडे बघून मिशीत हसले.

जवळ गेलो तर फांदी न् फांदी फुलांनी भरलेली. पांढरी, किंचित हिरवट झाक असलेली फुलं. दुरून ती दिसतच नव्हती. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. त्यांना मारायचा टोमणा मी दसऱ्यापासून घोळवून ठेवला होता, पण तो तोंडातून निघेना. इतकं सुंदर काही मी पाहिलंच नव्हतं.

म्हातारीने खाली पडलेली फुलं टोपल्यात भरली, उकिरड्यावर नेऊन टाकली आणि वर शेण पसरलं. मी विचारलं, “आजी, इतकी चांगली फुलं पुरता कशाला?”

“खाली सडा दिसला की वाटंचा मानूस वर बगतो,” ती म्हणाली. “लाल न्हाई म्हणून दुरून कुनाला कळत न्हाई, त्येच बरं हाय.”

तिने आम्हाला खोडाची मागची बाजू दाखवली. कुणीतरी साल सोलून नेली होती. त्यावर तिने शेणमाती लिंपली होती. “याच्या मुळीनं गुप्तधन घावतं म्हनत्यात. पल्याडच्या वाडीतला तर मुळासकट खनून नेला. ह्यो तेवडा राहिलाय.”

माझ्या हातातल्या पत्रिकेवर माझ्याच टपोऱ्या अक्षरात फाटा, विहीर आणि बांध होता. खरं सांगते, स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

इकडे गुरुजींना मात्र हुरूप चढला होता. “अहो, अशी नोंद कुठल्या कोशात नसेल! पूर्ण पत्ता छापा. अभ्यासक येतील, बघतील.”

“पत्ता अजिबात छापायचा नाही,” मी म्हणाले.

“पाच महिने तुम्हीच तर…”

“पाच महिने तुम्ही फाडा म्हणत होता ना?”

ग्रंथपाल बांधावर बसून हसायला लागले. “अहो, तुम्ही दोघांनी बाजू बदलल्या, निदान हे तरी ध्यानात घ्या!”

गुरुजी ओशाळले. मग म्हणाले, “झाड यांचं आहे. यांनाच विचारू.” त्यांनी म्हातारीला कोश म्हणजे काय ते वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. “लिवा की. पर माज्या लेकानं अजून बगितला न्हाई. त्येच्या बानं लावलेलं झाड हाय. आदी त्येला बगू द्या, मंग जगाला सांगा.”

माझ्या हातातून पत्रिका घेऊन गुरुजींनीच पेन्सिलीने पत्ता गिरगटून टाकला.

कोश छापून आला. पांढरा पळस तालुक्यात एक आहे, तिघा संपादकांनी फाल्गुनात फुललेला पाहिला आहे, एवढीच नोंद. ठिकाणासमोर कोरी जागा. लोक पोस्टात येऊन छपाईची चूक दाखवायचे, आणि पत्त्याशिवाय काही नसतं म्हणणारी मी त्यांच्याशी वाद घालायची.

पुढे काही वर्षांनी एका फाल्गुनात काउंटरवर कुणीतरी रुमाल ठेवला. उघडला तर आत पांढरं फूल. मी मान वर केली. तो टोळीवाला आता काळी-पिवळी चालवत होता, त्या वर्षी उसाला गेलाच नव्हता.

“बगितला, बाई,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, माझेही भरले. “माय म्हणायची त्येच्याहून देखणा हाय. ती पत्रिका ठिवलीय का?”

रविवारी त्याला वाचनालयात नेलं. गुरुजींनी कपाटातून पत्रिका काढली. ‘ऐकलं’ खोडून त्याने सावकाश ‘पाहिलं’ लिहिलं आणि सही केली. गुरुजींनी पेन माझ्या हातात दिलं. मी भीतभीतच विचारलं, “पत्ता लिहू?”

“लिवा. मायला इचारून आलोय,” तो म्हणाला. “आता राखाया मी घरीच हाय, ती सडा झाडत न्हाई. आमी समदे खाली बसून बगतोत.”