टाका पक्का आहे!

मास्तरांचे ओठ कधी रिकामे नसायचे. हातात कापड असलं की ओठांत टाचण्या, नसलं की सिगारेट. अर्ध्या गल्लीचे कपडे त्यांनीच शिवलेले.

अक्कलदाढ आडवी उगवली, हिरडी कापून काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, "जखमेत रक्ताची गाठ धरू द्या. सिगारेट ओढलीत तर ती निघून येईल आणि आतलं हाड उघडं पडेल. शिवाय धुरानं रक्त कमी पोचतं, जखम भरतच नाही."

मास्तरांनी मान डोलावली. पण मनात म्हणाले, टाके घातलेत की! आणि टाका म्हणजे काय हे मला शिकवता?

दुकान बंद. घरी नुसतं पडून राहायचं. जीव कासावीस! दुसऱ्याच दिवशी बायको आंघोळीला गेली आणि हे गॅलरीत. धूर लागू नये म्हणून जखमेवर कापसाचा बोळा दाबला आणि ओढली. स्वतःच्या डोक्यावर जाम खूश.

मग ठणका सुरू झाला. जबड्यातून थेट कानात. तोंडाला घाण वास.

"अहो, खरं सांगा, ओढलीत ना?"

"नाही गं, तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या की! मीच काय जास्त झालेय?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं. गाठ गेली होती. हाड दिसत होतं.

"पण टाका पक्का आहे ना?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"टाका आहे हो जागेवर. तो नुसत्या कडा धरून ठेवतो. भरून काढायचं ते रक्तानं, आणि ती गाठ तुम्ही झुरक्यासरशी ओढून काढलीत."

बोळ्याचं सांगायचीही लाज वाटली त्यांना. बाईंनी जखम धुतली, औषधाची पट्टी भरली. "आता परत ओढलीत तर मी तरी काय करू?"

घरी आल्या आल्या बायकोनं त्यांच्या खिशातल्या सगळ्या सिगारेटी कडाकडा मोडून केराच्या डब्यात टाकल्या.

"बरं केलंस," मास्तर म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले हो!

थोड्या वेळानं ती बाहेर येऊन बघते तर हे डब्यापाशी उकिडवे बसलेले. एका हातात सुजलेला गाल, दुसऱ्यात मोडका तुकडा, पेटवलेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"थांबव ना गं मला," म्हणाले, आणि ओढली.

तिनं हात पुढे केला. पण धरायचं कुठे, तेच तिला कळेना.