वळूनं चेपलेलं हूड

निलंग्याला आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केलेला, आता मी बघते. लग्नं, बारशी असतातच, पण मला जास्त बोलावणी येतात ती जनावरांच्या फोटोंसाठी. देवणी जातीचे वळू पाळणाऱ्यांना फ्लेक्सवर लावायला आणि मोबाइलवर टाकायला चांगले फोटो हवे असतात.

त्या दिवशी चाकूरजवळच्या एका वस्तीवर गेले होते. मालक साठी ओलांडलेले. मी त्यांना मामा म्हणत होते. वळूचं अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. एक कासरा मामांच्या हातात होता, दुसरा त्यांच्या मुलाच्या. मुलगा तिशीचा, अंगानं दणकट. ऊन समोरून येत होतं म्हणून लेन्सला हूड लावलं होतं. भिंगावर तिरपं ऊन पडू नये म्हणून पुढं बसवतात ते प्लास्टिकचं कडं.

मी गुडघा टेकून बसले. तेवढ्यात मागच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला आणि ड्रायव्हरनं हॉर्न दाबूनच धरला. वळूनं मान खाली घातली. मुलाच्या हातातला कासरा सुटला. पुढचं मला नीट आठवत नाही, समोर सगळं पांढरं झालं एवढंच. शिंग हूडच्या कडेवर बसलं, कॅमेरा छातीवर आदळला आणि मी मागं शेणाच्या ढिगाशी जाऊन पडले. श्वास आत जाईना.

मामांनी हिसडे देत वळूला खुंट्याकडं ओढलं आणि वेसणीचा दोर आखडून बांधला. वळू उभा राहून थरथरत होता. खरं तर तिथंच सगळं थांबलं होतं. मग मुलानं गोठ्याच्या भिंतीला लावलेली काठी उचलली.

त्यानं आधी पाठीवर मारलं, मग मानेवर, मग तोंडावर. वळू मागं सरकायला बघायचा तशी वेसण ताणायची. नाकातून रक्त यायला लागलं. ते त्याच्या पांढऱ्या गळ्यावर उतरलं. प्रत्येक फटक्याबरोबर मुलगा शिव्या देत होता, पण त्यातला एकही शब्द नीट कळत नव्हता. मी ओरडायला गेले तर बरगडीत अशी कळ आली की आवाज आतच राहिला.

"बस कर. डोळा जाईल त्याचा," मामा म्हणाले.

तो ऐकेना. मामा मधे शिरले आणि वळूच्या तोंडापुढं हात आडवा धरला. उगारलेली काठी त्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ढिगापाशी ऐकू आला. मामा ओरडले नाहीत. हात पोटाशी धरून ते हळूच खाली बसले.

मामी घरातून धावत आल्या. त्यांनी आधी नवऱ्याचा हात बघितला, मग उठून मुलाच्या थोबाडीत मारली आणि मारतच राहिल्या. तो काठी टाकून तसाच उभा राहिला. तोंडसुद्धा बाजूला केलं नाही त्यानं.

मला गाडी चालवता येणं शक्य नव्हतं, म्हणून माझी गाडी त्यानंच लातूरला नेली. मामा माझ्याशेजारी मागं बसले होते. खड्डा आला की त्यांच्या नाकातून जोरात श्वास निघायचा.

दवाखान्यात माझाही एक्स-रे काढला. बरगडीला चीर होती. मामांना प्लास्टरसाठी आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. तेव्हा कुठं मी कॅमेरा नीट बघितला. हूड एका बाजूनं चेपून आत आलं होतं, त्याची फुटलेली धार भिंगाच्या काचेला जवळजवळ टेकली होती. फिरवून काढायला गेले तर खाचेत घट्ट बसलेलं. जरा जोर लावला की धार काचेकडं सरके.

"आणा हिकडं," तो म्हणाला आणि त्यानं हूडला पिळा दिला. प्लास्टिक करकरलं.

"थांब."

"निघतंय की, ताई."

"निघत नाही. काच फुटेल. सोड ते."

त्यानं सोडलं. मी त्याला गाडीतली पक्कड आणायला लावली. "तू फक्त लेन्स धर. हलू देऊ नको आणि दाबूही नको. मी कापते."

मी पकडीच्या धारेनं हूड कडेपासून बुडाकडं थोडं थोडं तोडायला लागले. त्याच्या बोटांवर वळूचं रक्त वाळलेलं होतं.

"बा मधी येतील असं वाटलं न्हाई," तो खाली बघत म्हणाला.

"आणि वळूला कशाला मारत होतास?"

"तुमाला पाडलं त्यानं."

"मी पडले होते तर मला उचलायचं होतं."

त्यानं लेन्सवरची पकड नीट केली. मग म्हणाला, "लई राग आला. कासरा माझ्या हातून सुटला. लोक हसतेत."

शेवटचा काप बुडापर्यंत गेला तसं हूड उकललं. दोन्ही बाजू फाकवून मी ते अलगद काढलं. काचेवर बारीक चरा उठला होता, पण काच फुटली नव्हती.

गळ्यात हात बांधून मामा बाहेर आले. मुलाकडं न बघता त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमचं कसं हाय?" मग माझा फोन मागून घरी लावला आणि मामींना सांगितलं, "वेसण ढिली कर. गार पाणी मार डोळ्यावर. डॉक्टरला बोलीव."

बरगडी भरून आल्यावर मी पुन्हा त्या वस्तीवर गेले. वळूचा डावा डोळा पांढरा पडला होता. मुलगा जवळ आला की वळू खुंट्याभोवती फिरायचा आणि फुरफुरायचा, त्यामुळं प्लास्टर निघाल्यापासून त्याचं सगळं मामाच करत होते. मी काही म्हणायच्या आधी ते मुलाला म्हणाले, "तू भिंतीपलीकडं थांब." तो गेला.

मी उजव्या बाजूला जाऊन बसले. तिकडून तो पांढरा डोळा दिसत नव्हता.

"दोन्हीकडून काढा," मामा म्हणाले. "लोकाला दिसू द्या."