स्मरणचित्राचे नऊ गुण

ही हकीकत मी बरीच वर्षं टाळली. माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मी पेरूचा विनोद लिहून पाठवला आणि तो सगळ्यांना आवडला. बायकोला एकदा अर्धी सांगितली होती. त्या अर्ध्यात सगळा दोष मुख्याध्यापकांचा होता. ती जाऊन आता सहा वर्षं झाली आणि माझं वय एक्क्याऐंशी आहे. उरलेला अर्धा भाग लिहायला यापुढे सवड मिळेलच असं नाही.

नावं कुणाचीच देत नाही. तिचं नाव जिथे लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलं नाही, आता इथे लिहून काय करू?

सुरतेतल्या एका मराठी शाळेत मी चित्रकला शिकवत होतो. साठचं दशक संपत आलं होतं. वडील खानदेशातून इथे मागावर कामाला आले आणि मिलमध्येच म्हातारे झाले. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी आळीत घरोघर जाऊन सांगितलं, "मना पोऱ्या मास्तर व्हयना." कशाचा मास्तर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही सांगू दिलं नाही. कारण शाळेत चित्रकलेच्या मास्तराला काय किंमत असते ते मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे मास्तर म्हणायचे, "तुमचं बरं आहे हो. टेबलावर पेरू ठेवायचा, पोरांना म्हणायचं काढा, आणि तास संपला की खाऊन टाकायचा." सगळे हसायचे. मीही हसायचो. स्मरणिकेत लिहिला तो विनोद हाच.

त्या शाळेत एक फलक होता. प्रार्थनेच्या दालनात, काळ्या रंगाचा, दारापेक्षा उंच. दरवर्षी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या इयत्तेत, शाळेच्या पूर्वपरीक्षेत जो पहिला येई त्याचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं जाई. त्याला संस्थेकडून कॉलेजची चारही वर्षांची फी आणि पुस्तकं मिळत. बोर्डाच्या निकालाशी त्याचा संबंध नव्हता. संस्थापकांचं म्हणणं असं होतं की, बोर्डाचा परीक्षक मुलाला ओळखत नाही, आपण ओळखतो. म्हणून शाळेने आपला नियम केला होता: सगळ्या विषयांची बेरीज धरायची, चित्रकलेसुद्धा, आणि कुठल्याही एका विषयात पन्नासाच्या खाली गेलेला विद्यार्थी फलकासाठी धरायचा नाही. नियम चांगला होता, मला आजही तसंच वाटतं.

फलकावर नाव रंगवायचं काम माझं. कॉलेजला जाणाऱ्या मुलाचं नाव माझ्या हाताने लिहिलं जातं, याचा मला अभिमान होता. आधी खडूने अक्षरं आखायची, मग दोन हात रंगाचे.

ती मुलगी शहराच्या कडेच्या बमरोलीकडून चालत यायची. बौद्ध कुटुंब, वडील मिलमध्ये, तीन पाळ्यांत. पाळी बदलली की घरातली झोपायची वेळ बदलायची, त्यामुळे ती शाळेच्या पायरीवर बसून अभ्यास करी. बोलणं कमी. पण एकदा मी फळ्यावर बैल काढला तेव्हा मागच्या बाकावरून तिचा आवाज आला होता, "सर, हा बैल उभा कसा राहणार? त्याचे चारही पाय एकाच बाजूला आहेत." वर्ग हसला. मी वळून पाहिलं. बैल खरंच पडायला आला होता.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेत चित्रकलेचे तीन भाग होते. वस्तुचित्राला तीस गुण, संकल्पचित्राला तीस आणि स्मरणचित्राला चाळीस. स्मरणचित्राचा विषय मीच दिला होता: सणाचा दिवस. पन्नासेक कागदांवर दिवाळी निघाली. त्याच पणत्या, तोच आकाशकंदील, उंबऱ्यात तीच रांगोळी. दोघातिघांनी पतंग काढले, कारण सुरतेत संक्रांतीला दुसरं काही नसतंच.

तिने एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक काढली होती. चाळींमधली गल्ली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, निळे झेंडे. हातलारीवर हार घातलेली तसबीर. मिरवणूक कागदाच्या मध्यावर होती, पण मी पाहत राहिलो तो कडेला. सार्वजनिक नळावर घागरींची रांग लागलेली आणि रांगेत माणूस एकही नाही, सगळे मिरवणुकीत गेलेले. आणि एका दारात पाळीवरून नुकताच आलेला कामगार, केसांत कापूस, अंघोळ झालेली नाही म्हणून उंबऱ्याच्या आतच थांबलेला, हात जोडून. त्याचा चेहरा तिने चार रेघांत काढला होता. मला ते चार रेघांत जमलं नसतं. मी तांबड्या पेन्सिलीने कोपऱ्यात चौतीस लिहिले. इतके गुण मी त्याआधी कुणाला दिले नव्हते. वस्तुचित्रात तिला एकवीस होते, संकल्पचित्रात एकोणीस. एकूण चौऱ्याहत्तर.

बाकीच्या विषयांचे गुण आले तेव्हा ती एक्केचाळीस गुणांनी पहिली होती. मी त्याच दुपारी शिडी लावून फलकावर खडूने तिचं नाव आखून टाकलं. नाव लांब होतं, अक्षरं जरा बारीक धरावी लागली. समारंभापर्यंत फलक झाकलेला असे, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मास्तर, चित्रकलेचे गुण पक्क्या यादीत चढवले का?"

"आज चढवतो सर."

"घाई नको. एकदा नीट बघा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चित्रकलेत काय, दहा गुण इकडे किंवा दहा तिकडे. गणिताच्या मास्तरांना मी असं सांगू शकत नाही. गणिताला उत्तर असतं."

मी निघायला वळलो, तसे ते म्हणाले,

"दुसरा कोण आहे पाहिलंत ना? तुमच्या खानदेशातलाच. तुमच्या आळीतला."

"हो सर. समोरच राहतो."

"हुशार पोरगा. नव्या खोल्यांची वर्गणी त्याच लोकांनी जमवली आहे. समारंभाला सगळे येतील, फलकाकडे बघतील." मग चष्मा परत लावला आणि दुसऱ्याच कागदाकडे बघत म्हणाले, "बरं, तुमचं कायम होण्याचं पत्र जूनमध्ये कमिटीपुढे येतंय."

जात हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. बमरोलीचं नावही काढलं नाही. बायकोला मी इथपर्यंतच सांगितलं होतं.

पुढचं असं. दहा गुणांनी काम होत नव्हतं. ती एक्केचाळीस गुणांनी पुढे होती. दहा काढले काय आणि वीस काढले काय, पहिलीच राहिली असती. मी परत जाऊन मुख्याध्यापकांना सांगू शकलो असतो की, सर, हे होत नाही. ते बहुधा चडफडत गप्प बसले असते. पण मी गेलो नाही. रिकाम्या वर्गात बसून मी बेरीज मांडत राहिलो आणि मला पन्नासाचा नियम आठवला. त्यांना तो त्या घडीला आठवला नसावा, नाहीतर ते दहा गुण म्हणाले नसते. एकवीस आणि एकोणीस चाळीस. स्मरणचित्राला नऊ दिले की एकोणपन्नास. एकोणपन्नास झाले की बाकीच्या विषयांत तिने काय केलं याला काही अर्थ उरत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला भीतीपेक्षा दुसरंच काही वाटलं. माझ्या विषयाला शाळेत पहिल्यांदा वजन आलं होतं. ज्या विषयावर पेरूचे विनोद होत होते, त्याने पहिला नंबर ठरणार होता. आता हे लपवून कुणाचं भलं होणार आहे?

तांबडी पेन्सिल रबराने जात नाही, फक्त पसरते. मी दाढीच्या पात्याने चौतीसचा आकडा खरवडला. कागद तिथे पातळ झाला. शेजारी नऊ लिहिले. नुसते नऊ कसे द्यायचे? कारण हवं होतं. कुणीही सुचवलं नव्हतं, मीच शोधलं आणि माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "विषयाला सोडून."

कागद मुलांना बघायला दिले. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

"सर, विषयाला सोडून म्हणजे?"

"विषय काय होता?"

"सणाचा दिवस."

"मग? सण म्हणजे दिवाळी, होळी, पोळा. ही मिरवणूक आहे."

"आमचा सणच आहे सर. घरात गोड करतात. नवे कपडे घेतात."

"असेल. परीक्षक तसं धरत नाही."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "परीक्षक तुम्हीच ना, सर?"

मी म्हणालो, "पुढच्या तासाची घंटा झाली. जा." घंटा झाली नव्हती. ती कागद टेबलावर ठेवून गेली. पातळ झालेल्या जागेवर तिचं बोट होतं, ते तिने जाताना उचललं. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला तेव्हा समजलं नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. पाळी चुकवून आले होते, धुतलेला सदरा घालून. मुख्याध्यापकांनी त्यांच्यापुढे नियमांची वही उघडून धरली. त्यांना वाचता येत होतं. बोट फिरवत त्यांनी नियम पुरा वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे साहेब. नियम आहे तर आहे. पोरगीच चुकली असंल." मग माझ्याकडे वळले. "सर, तुमच्या तासाचं लय कौतुक आहे तिला. घरी तुमचंच सांगत राहते. तिला नीट समजावून सांगा, काय चुकलं ते."

मी मान हलवली.

त्या संध्याकाळी ओल्या फडक्याने खडूची अक्षरं पुसली. दोन हातांत निघाली. मग आमच्या आळीतल्या मुलाचं नाव आखलं आणि रंगवलं. समारंभाला माझे वडील आले होते. फलकाकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगत होते, ते अक्षर माझ्या मुलाचं आहे म्हणून. जूनमध्ये मी कायम झालो.

तो मुलगा कॉलेजला वर्षभर गेला, मग काकाच्या कापडाच्या दुकानात बसला. मी त्याला दोष देत नाही, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ती बोर्डात पहिल्या वर्गात पास झाली. तिच्या पाठी चार भावंडं होती. ती एका कारखान्यात साड्यांचे सुटे धागे कापायच्या कामावर लागली.

उन्हाळ्यात शाळेचे जुने कागद रद्दीत निघाले. गठ्ठ्यातून तिचं चित्र मी काढून घेतलं आणि घरी कपाटावर ठेवलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. पुढे दरवर्षी फलकावर नवं नाव लिहायला शिडीवर चढलो की वरच्या ओळीतलं ते नाव डोळ्यांसमोर येई. दोनदा मी मुख्याध्यापकांकडे जायचं ठरवलं आणि दोनदा दारातून परतलो. मग ते निवृत्त झाले, आणि जायला कुणी उरलं नाही याचं मला बरं वाटलं.

दहाबारा वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं की, तिचं लग्न झालंय, नवरा चलथाणच्या साखर कारखान्यात आहे. एका रविवारी मी चित्र गुंडाळून पिशवीत घेतलं आणि बसने गेलो. वाटेत काय बोलायचं ते घोकत होतो. हंगाम चालू होता, मळीचा वास नाकात बसला होता. उसाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत घर विचारत गेलो.

तिने लगेच ओळखलं. "अगंबाई, सर! या, या. आत या." खुर्ची पुसली, पाणी आणलं, शेजारणीकडून दूध मागवलं. सहा वर्षांची मुलगी पाटीवर काहीतरी काढत होती. ती तिला गुजरातीत काही म्हणाली, मग माझ्यासाठी मराठीत, "हे माझे चित्रकलेचे सर. पाया पड."

मुलगी पाया पडली आणि पाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. पाटीवर पणती होती. एका बाजूला झुकलेली, पण पणतीच.

"छान आहे," मी म्हणालो. "आणखी काय काय काढतेस?"

"शाळेत सण काढायला सांगितलाय," मुलगी म्हणाली. "मला मिरवणूक काढायची होती. आई नको म्हणाली."

ती चहा गाळत होती. वळून न बघता हसत म्हणाली, "मी सांगितलं तिला, सण म्हटलं की दिवाळी काढायची. आपलं आपल्या घरी. मी नाही का सर, विषय सोडला आणि पहिला नंबर घालवला? तेव्हा तुमचा राग आला होता. नंतर वाटलं, सरांनी बरोबरच केलं. नियम तो नियम."

मुलगी पाटी पुसत होती, दुसरी पणती काढायला. पिशवी माझ्या मांडीवर होती. तोंड उघडलं असतं तर तिला कळलं असतं की, ती चुकलीच नव्हती. मग धागे कापण्यात गेलेल्या त्या सगळ्या वर्षांचं तिने काय करायचं, असा विचार मी केला, असं पुढे मी स्वतःला सांगत आलो. तोही खोटा. मला फक्त तिने दिलेला चहा त्या घरात बसून सुखाने प्यायचा होता. मी तो प्यालो. गोड होता. निघताना ती म्हणाली, "पिशवीत काय आणलंत, सर? पोरीला काही खाऊ?" मी म्हणालो, "नाही, कागद आहेत शाळेचे." खिशातलं नाणं काढून मुलीच्या हातावर ठेवलं आणि बस पकडली.

पुन्हा गेलो नाही. मागे कधीतरी चौकशी केली, तर ते कुटुंब चलथाण सोडून गेलं होतं. कुठे, ते कुणाला सांगता आलं नाही. चित्र अजून माझ्याकडे आहे. कडा पिवळ्या पडल्यात. उजेडासमोर धरलं की कोपऱ्यातली खरवडलेली जागा बाकीच्या कागदापेक्षा पांढरी दिसते.

त्या रविवारी बसमध्ये घोकलेलं, आणि तिच्या घरी चहा पिताना गिळलेलं, ते एवढंच होतं:

तुझं चित्र विषयाला धरूनच होतं, बाळ. चाळीसपैकी चौतीस गुण होते, मीच दिले होते आणि मीच खरवडले. फलकावर तुझं नाव मी आखलं होतं आणि मीच पुसलं. तुझ्या मुलीला मिरवणूक काढू दे. मला क्षमा कर.