अण्णांनी घेतलेलं माप

दुपारचं जेवण हे सुहासचं एक कामच असतं. उकडलेली अंडी, चिकन, बिनमिठाचा भात. ते उरकून तो कॉटवर आडवा होतो, पण हल्ली छाती अशी धडधडते की झोपेचं आणि त्याचं जमत नाही. कित्येक महिने त्याचा दंड साडेसोळा इंचांवर रुसून बसलाय. खाणं वाढवलं, वजनं वाढवली, स्टेरॉइडची इंजेक्शनं तर चालूच आहेत, पण टेप काही पुढं सरकत नाही. संध्याकाळपासून डोस दुप्पट करायचा, असं कोच सांगून गेलाय. नवी बाटली उशाशी आहे. जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा तोंडावर आलीय आणि सुहासला घाबरायला सवड नाही. डोळे जड होतात.

जिममध्ये कुणीच नाही. तो आरशासमोर दंड फुगवतो, तेवढ्यात मागं ओळखीचा खोकला येतो. त्याचे वडील, दामूअण्णा. मिरजेच्या बाजारात त्यांनी जन्मभर बायकांचे ब्लाउज शिवले आणि गेल्या दिवाळीत, ऐन कामाच्या घाईत, मशीनवरच मान टाकली. टेप अजून गळ्यातच आहे. अण्णा आता नाहीत, हे सुहासला माहीत आहे. पण त्यांच्या तोंडावर तसं म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून तो नुसतं “या” म्हणतो.

अण्णा त्याला हात वर करायला सांगतात. छातीभोवती टेप गुंडाळतात आणि टेपखाली आपलं एक बोट सरकवतात. सुहास कुरकुरतो, बोट काढा, माप खोटं येतं.

“मग श्वास कुठं घेणार?” अण्णा म्हणतात.

वजनांच्या जागी आता कापडाचे तागे आहेत आणि ते दोघं दुकानात आहेत. मशीनवर जांभळी साटीन पडलीय. सुहासच्या पहिल्या स्पर्धेची चड्डी अण्णांनी याच कापडाची शिवली होती, कुणाच्या तरी ब्लाउजपीसमधून उरलेल्या तुकड्याची. चार बायका गिऱ्हाईक म्हणून बसलेल्या असताना ती त्यांनी खुशाल वर धरून बघितली होती, तेव्हा सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज ते कापड बघून त्याला गलबलून येतं.

अण्णा मशीनवर बसतात आणि पाय मारू लागतात. कापड भराभर पुढं जातं, पण शिवण कुठंच दिसत नाही. ते आणखी जोरात पाय मारतात. दुकानाचं स्टेज झालंय, दिवे लागलेत, आणि त्या उजेडात म्हातारा घामानं निथळतोय. सुहासला ते बघवत नाही.

“अण्णा, बॉबिनमधला दोरा संपलाय.”

“मग आणखी जोरात मारू?”

“नाही. थांबायचं. उघडून बघायचं.”

“कळतंय की तुला,” अण्णा म्हणतात आणि पाय थांबवतात.

मग ते खाली त्याच्या पायाशी बसतात. इंजेक्शनं घेऊन घेऊन सुहासच्या मांडीवर एक टणक गाठ आलीय, ती त्यानं आईलाही दाखवलेली नाही. अण्णांचं बोट नेमकं तिथंच जातं. कापडात कुठं दोष निघाला की ते त्यावर फुली मारत, म्हणजे तिथं कुणी कात्री लावायची नाही की टाका घालायचा नाही. ते कानामागचा खडू काढतात.

“मला तुझी लई काळजी वाटती, बाळा,” ते खाली बघतच म्हणतात. “तिकडं इतक्यात येऊ नको. मी एकटा बरा हाय.”

सुहासला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवायचंय. तो वाकतो, आणि गाल उशीला लागतो.

उन्हं कलली आहेत. उशाशी बाटली आहे. सुहास उठून बसतो, इंजेक्शन भरतो, चड्डीचा काठ वर सारतो आणि हात तसाच राहतो. गाठीवर निळ्या खडूची फुली आहे. बोट लावलं तर बोटालाही निळं लागतं.

तो कोचला फोन करतो आणि सांगतो, आज काही घेणार नाही, आधी डॉक्टरला दाखवतो. कोच चिडतो, एवढी मेहनत पाण्यात घालणार का म्हणून विचारतो. सुहास ऐकून घेतो, पण शब्द फिरवत नाही.

मग तो अंघोळ करतो. मांडीवरची तेवढी जागा मात्र कोरडी ठेवतो.