दोन घंट्या झाल्याशिवाय

निवृत्ती मास्तरांनी दोरी ओढून दोन घंट्या दिल्या की नुसती एसटी हलत नसे, अर्धा नाशिक जिल्हा हलत असे. पहिली घंटी हळू, दुसरी दणक्यात. टिंग... टण्ण! विंचूरच्या थांब्यासमोर एक म्हैस रोज रस्त्यात बसलेली असायची. हॉर्नला ती जुमानायची नाही, माझ्या शिव्यांना तर नाहीच. मास्तरांच्या दोन घंट्या ऐकल्या की मात्र मुकाट उठून चालू लागायची. एकदा चांदोरीजवळ लग्नाची वरात आडवी आली. इकडे घंट्या झाल्या आणि तिकडे घोडा नवरदेवाला घेऊन जो सुटला तो थेट निफाडला थांबला. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

मी ड्रायव्हर, ते कंडक्टर. नाशिक-येवला मार्गावर आम्ही सतरा वर्षं जमेल तेव्हा जोडीनं ड्युटी मागून घेतली. प्रवासी त्यांना ‘मास्तर’ म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. ते मला ‘डायव्हर’ म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी चालवतो ड्रायव्हर, पण ती निघते कंडक्टरच्या घंटीनं. माझा डावा पाय त्याला इतका सरावला होता की देवळात कुणी लागोपाठ दोनदा घंटा वाजवली तरी तो क्लच शोधायला लागायचा.

घंटी देण्याआधी मास्तरांचा एक नेम असे. दारातून मान बाहेर काढून एकदा पुढे, एकदा मागे बघायचं. लांबून कुणी म्हातारी पिशवी हलवत येताना दिसली की दोरीवरचा हात खाली. मी आरशातून ओरडायचो, “मास्तर, ती बाई अजून लासलगावातच आहे! इथं नुसती सावली पोचलीय!”

“सावली आली ना? मंग बाई बी येतीच हाय. मानूस खाली ठेवून घंटी नाय द्यायची, डायव्हर.”

जेवणाचंही तसंच. येवल्याच्या स्टँडवर आम्ही डबे उघडायचो. सुमनवहिनींच्या हातची बाजरीची भाकरी, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. मास्तरांचा एक घास चावून होईपर्यंत गावात कुणाची तरी पैठणी विणून होत असावी. मी घाई केली की म्हणायचे, “निवांत खावा. गाडी पळून जात नाय. डायव्हर माझ्यासमोर बसलाय.”

मुक्कामी ड्युटी आली की मात्र हा माणूस कुरकुरायचा. मला वाटायचं, परक्या गावी झोप लागत नसेल. एकदा खरं बोलले. “आपून मुक्कामाला गेलो की सुमन चूलच पेटवत नाय. परत येऊन बघतो तर मोरीत चहाचा एक कप. दोन टाइम चहा आन टोस्ट. विचारलं तर म्हनती, एकटीसाठी कोन तवा टाकनार?”

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांची जीभ जड झाली. एक दिवस एक प्रवासी मोठ्यानं म्हणाला, “मास्तर सकाळीच टाकून आलेत वाटतं!” जो माणूस ताक जरा आंबलं तरी प्यायचा नाही, त्याला हे! मी गाडी बाजूला घेतली आणि असं भाषण ठोकलं की दोघातिघांनी मला निवडणुकीला उभं राहा म्हणून सांगितलं. पण सीटवर परत बसलो आणि दोन घंट्या झाल्या तरी गाडी काढायला विसरलो. कारण मलाही त्यांचं बोलणं आता निम्मंच कळत होतं.

तपासण्या झाल्या. मोटर न्यूरॉन डिसीज. त्यांची मुलगी मनीषा अंबडला एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तिनं मला समजावून सांगितलं. “काका, मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आप्पांची सुरुवात घशापासून झालीय. डोकं मात्र शाबूत राहील.” वर्षभरात आवाज गेला. हातात पाटी आली. मी एक घंटी पैदा केली, जुन्या एसटीची, दोरीसकट. ती कुठून आणली ते विचारू नका. भंगारातल्या गाडीला तिचा तसाही काही उपयोग नव्हता. सिडकोतल्या त्यांच्या घरात खिडकीच्या गजाला ती बांधली आणि दोरी पलंगाशी आणली. एक घंटी म्हणजे नको, दोन म्हणजे हो.

गिळणं अवघड होत गेलं. पाणी श्वासनलिकेत जायचं आणि असा ठसका लागायचा की शेजारचे धावत यायचे. वहिनी भाकरी दुधात कुस्करून, गाळून, चमच्यानं भरवायच्या. एका वाटीला दीड तास. मास्तरांच्या कंबरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून त्याची चाळणी झाली.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, “जेवण थेट आत सोडायला पोटात नळी बसवू. तोंडातून दुर्बीण आत जाते, पोटावर छोटं छिद्र घेऊन नळी बाहेर काढतात. पण आत्ताच, मास्तर. आत्ता तुमच्या छातीत जोर आहे. श्वास आणखी कमजोर झाला तर हेच धोक्याचं होईल.”

मास्तरांनी टेबलावर बोट आपटलं. एकदाच.

पुढचे तीन आठवडे सगळ्यांनी समजावलं. उत्तर एकच, टिंग. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायच्या तपासणीत आकडा आणखी खाली आला. शेवटी मी एका दुपारी जाऊन तोंड सोडलं. “मास्तर, उपाशी मरायचं ठरवलंय का? परवा पंख्याच्या वाऱ्यानं उडून त्र्यंबकला पोचाल, मग आणायला मलाच गाडी काढावी लागेल! नळीची भीती वाटते का?”

टिंग.

“मग काय, चव जाईल म्हणून?”

टिंग. मग त्यांनी पाटी ओढली. बोटांतलं बळही कमी होत होतं. अक्षरं येवल्याच्या रस्त्यासारखी वाकडीतिकडी. ‘माझं पोट नळी भरेल. मग ही तवा कोणासाठी टाकेल?’ आणि त्याखाली, ‘एक कप.’

मी पाटी दोनदा वाचली. मी काही दोनदा वाचणं ही नाशिकच्या इतिहासातली घटना आहे, पण वाचली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पाटी वाचली आणि पदरानं डोळे पुसायचे सोडून भडकल्याच.

“एवढ्यासाठी अडून बसलाय व्हय? मी काय कुक्कुलं बाळ हाय? बोलता येत व्हतं तवा का नाय सांगितलं?”

मास्तरांनी लिहिलं, ‘तेव्हा पण ऐकत नव्हतीस.’

त्यावर वहिनींना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. मी संधी साधली. “असं करू मास्तर. नळीत काही घालायचं ते तुमची घंटी झाल्यावर. आणि वहिनींचं ताट वाढल्याशिवाय तुम्ही घंटी द्यायची नाही. माणूस खाली ठेवून गाडी सोडायची नाही, हा नियम तुमचाच. वहिनी, कबूल?”

“मला काय विचारता? वाढते की ताट.”

“शपथ घ्या.”

“भाऊजी, लाटणं आनू का?”

मास्तरांनी बायकोकडं बराच वेळ पाहिलं. मग दोरी ओढली. पहिली हळू. दुसरी दणक्यात जमली नाही, पण आली.

नळी बसवायच्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून आत नेत होते. दारापाशी त्यांनी हात उचलून वॉर्डबॉयला थांबवलं. मान वळवून एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे. वहिनी पाण्याची बाटली भरून लांबून येत होत्या. वॉर्डबॉय म्हणाला, “काका, डॉक्टर आत थांबलेत.” मी म्हटलं, “गड्या, थांब. सतरा वर्षं मीही असाच थांबलोय.” वहिनी पोचल्या, त्यांनी मास्तरांचा हात धरला, तेव्हा स्ट्रेचरच्या दांडीवर दोन टिचक्या वाजल्या.

अर्ध्या तासात काम झालं. तेवढ्या वेळात मी बाहेरच्या बाकावरच्या लोकांना नवरदेवाच्या घोड्याची गोष्ट सांगितली. घोडा या वेळी औरंगाबादला पोचला. भीती वाटली की माझे घोडे लांब जातात.

तोवर मीही रिटायर झालो होतो. मग रोज दुपारी मी सिडकोत. मनीषा सकाळी सगळं गाळून, मोजून ठेवून कामाला जायची. मास्तर उशांना टेकून ताठ बसत. मोठी सिरिंज नळीला जोडायची, आधी साधं पाणी, मग पातळ जेवण, शेवटी पुन्हा पाणी. सिरिंज उंच धरली की भरभर उतरतं, खाली आणली की सावकाश. मी जन्मात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. पण आधी ताटं. वहिनींचं आणि माझं. मास्तर दोन्ही ताटं तपासत आणि मगच दोरी ओढत. एकदा वहिनींनी चलाखी करून चतकोर भाकरीच वाढून घेतली. टिंग. “भूक नाय हो.” टिंग. “बरं, अर्धी.” टिंग! अख्खी भाकरी पडली तेव्हा गाडी सुटली. डॉक्टरांना विचारून मास्तरांच्या जिभेच्या टोकाला ठेच्याचा नुसता ठिपका लावायचो. डोळे मिटून ते त्या ठिपक्यावर सगळं येवला स्टँड फिरून येत. दोन महिन्यांत त्यांचे गाल जरा भरले. वहिनींचे त्याहून जास्त. नळी मास्तरांना आणि बाळसं वहिनींना, असं मी म्हणायचो आणि लाटणं चुकवायचो.

हात गेले तेव्हा आम्ही दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली. असं दीड वर्ष चाललं. श्वासाचं काम काही नळीला करता येत नाही. थंडीतल्या एका दुपारी, आमची जेवणं झाल्यावर, ते झोपले ते उठले नाहीत. ताटं घासून पालथी घातलेली होती. बघून गेले असणार.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, मनीषा कामावर जायला लागली. मी सवयीनं दुपारी गेलो. घर शांत. मोरीत डोकावलो. एक कप.

“बसा भाऊजी, चहा टाकते,” वहिनी म्हणाल्या.

“चहानं काय होतंय? दोन दिवस पोटात कण नाही माझ्या,” मी म्हटलं. येताना पंचवटीत दोन मिसळी हाणल्या होत्या, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. माझ्या मिशीला तर्री लागलेली असावी. मग त्यांनी तवा टाकला. दोन ताटं वाढली, दोन्हीत अख्ख्या भाकऱ्या. आम्ही बसलो, पण हात कुणाचाच पुढं होईना. पलंगाच्या कडेला दोरी तशीच लोंबत होती. मी उठून हात लांब केला.

“थांबा, भाऊजी.”

वहिनी उठल्या. दोरी हातात धरून त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. गल्लीत एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. चांगला वेळ लावला. मग ओढली. पहिली हळू, दुसरी दणक्यात.

माझा डावा पाय मांडी मोडून क्लच शोधू लागला. वहिनींनी भाकरी मोडली.